तिसऱ्या ड्रायरखाली

सोमवारी ओझेला टॉलिव्हरचं पार्लर बंद असतं, हे उत्तर मिलवॉकीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी दहा वाजता दारापुढे दोन गाड्या उभ्या पाहून समोरच्या किराणा दुकानातल्या लॅट्रिसने काउंटर सोडला आणि काचेला नाक लावलं. लॅट्रिस पार्लरात कधी पाऊल टाकत नाही, केस घरीच करते, पण तिचं लक्ष असतं. तिला वाटलं, परवाच्या मिरवणुकीची तयारी चालली असेल. परवा जूनटीन्थ, आमच्या काळ्या लोकांच्या गुलामगिरीतून सुटकेचा दिवस. त्या मिरवणुकीत ओझेलाचं मंडळ सगळ्यांत पुढे असतं. हरवलेल्या आणि मारल्या गेलेल्या पोरींची नावं लिहिलेला जांभळा फलक ओझेला स्वतः धरते, आणि मागून तिचा धाकटा भाऊ थर्मन मंडळाची पांढरी व्हॅन मुंगीच्या चालीने चालवत आणतो. वीस वर्षं हा क्रम मोडला नव्हता.

आत मात्र कोणी फलकाला इस्त्री करत नव्हतं. ओझेला झाडलेली फरशी पुन्हा झाडत होती.

"आई, झाडू ठेव आता," तिची लेक शार्मेन म्हणाली. "फरशी झिजेल."

"ऐकतेय मी. हात कामात असले म्हणून कान बंद होत नाहीत."

ओझेलाची धाकटी बहीण व्हर्निता मधल्या खुर्चीत मांडीवर केक घेऊन बसली होती. चांदीच्या कागदात गुंडाळलेला, लोण्याचा, घरचा. टॉलिव्हरांच्यात बारसं असो की मयत, केकाशिवाय तोंड उघडायची पद्धत नाही. आज मात्र तो कापायचं कोणाच्या मनात येत नव्हतं. आणि व्हर्निताची मुलगी केझाया दाराला टेकून उभी होती. पहाटेच्या विमानाने अटलांटाहून आली होती, खांद्यावरची बॅग अजून उतरवली नव्हती. सव्वीस वर्षांची पोरगी, पण उभी अशी होती की कोणी जरा मोठ्याने बोललं तर दार उघडून निघून जाईल.

शार्मेनने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, कारण व्हर्निता "मला काही कळत नाहीये" एवढंच म्हणत होती.

"शनिवारी माझी नाइला मंडळाच्या वर्गावरून घरी आली. व्हॅनमधून उतरली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, मी त्या व्हॅनने परत जाणार नाही. का, तर काही नाही. जेवताना एवढंच म्हणाली, 'मला शेवटी उतरायचं नाही.' मी हसले, मावशी! तेरा वर्षांची आहे, या वयात सगळं नकोच असतं. काल रात्री केझायाशी फोनवर बोलताना गंमत म्हणून तिला सांगितलं. तर ही गप्पच झाली. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, मी येते."

"मग?" व्हर्निता म्हणाली. "शेवटी उतरायचं नाही यात एवढं विमानाने येण्यासारखं काय आहे?"

"आई," केझाया दारातूनच म्हणाली, "मीही शेवटी उतरायचे."

त्यानंतर तिने जे सांगितलं ते तिने पाच वाक्यांत सांगितलं. बारा वर्षांपूर्वी ती चौदाची होती. थर्मनमामा आधी सगळ्यांना सोडायचा, मग तिला पुढच्या सीटवर बोलवायचा, मग घराकडे न वळता तळ्याच्या बाजूला वळायचा. तीन महिने. बाकीचं तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. झाडूचा आवाज तेवढा थांबला.

*

या पार्लरात डोक्यावर ओढायचे ड्रायर तीन. कोपऱ्यातला तिसरा. ज्या बाईला काही सांगायचं असतं, पण भरल्या पार्लरात तोंड उघडायची सोय नसते, ती तिसऱ्याखाली जाऊन बसते. ओझेला विचारते, "गरम की गार?" सगळ्या बायका गरम म्हणतात. जी गार म्हणते तिच्यासाठी ओझेला बटण फिरवत नाही. नुसता टोप खाली ओढते, स्टूल घेऊन शेजारी बसते आणि ऐकते. बाकीच्या दोन ड्रायरांच्या घरघरीत दुसऱ्या कोणाला काही ऐकू जात नाही.

हे कामिलनंतर सुरू झालं. वस्तीतलीच ही पोर हरवली तेव्हा पोलिसांनी "पळून गेली असेल" म्हणून कागद बाजूला सारला. काळ्या पोरीचा फोटो टीव्हीवर यायलाही चार दिवस लागले. अकराव्या दिवशी ती सापडली, ती पुरायलाच. पंधरा वर्षांची होती. तिच्या शेवटच्या वेण्या ओझेलाने घातल्या, शवपेटीवर वाकून. त्या आठवड्यात तिने वस्तीतल्या बायका गोळा केल्या आणि म्हणाली, आपल्या पोरी आपणच सांभाळायच्या, दुसरं कोणी येणार नाहीये. अडल्या पोरीसाठी चार घरांत एकेक खोली रिकामी ठेवायची ठरली. पोरींचा शनिवारचा अभ्यासवर्ग चर्चच्या तळघरात सुरू झाला. पोरींनी रस्त्याने एकटं जाऊ नये म्हणून वर्गणी काढून व्हॅन घेतली. चालवणार कोण? घरचा माणूस हवा, विश्वासाचा. ओझेला म्हणाली, माझा थर्मन आहे की.

भिंतीवर जांभळ्या रंगात मंडळाचे नियम आहेत, ओझेलाच्याच हातचे. जिच्यावर बेतलं तिने आधी बोलायचं. ती बोलेपर्यंत बाकी कोणी तोंड उघडायचं नाही. ज्याने केलं त्याने खुर्चीवर नाही, सगळ्यांच्या मधे स्टुलावर बसायचं. त्या स्टुलावर आजवर दोघीतिघींचे नवरे बसले, एका पोरीचा मास्तर बसला, एकदा तर चर्चचा पेटीवाला बसला आणि लहान पोरासारखा रडला. वस्तीतली सगळी घरं त्या स्टुलाला भितात. टॉलिव्हरांना मात्र आपल्यावर ती पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

*

"तेव्हा का नाही बोललीस?" व्हर्निता कशीबशी म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण तो कोणावर काढायचा ते तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून जवळची पोटची पोरगी सापडली. "आईजवळ बोलायला काय झालं होतं? आणि थर्मन... माझ्या पाठचा भाऊ आहे तो, केझाया! शब्द जपून वापर."

"बोलले ना."

"कोणाशी?"

"तिसऱ्याखाली बसले होते. गार म्हणाले होते."

सगळ्यांचे डोळे ओझेलाकडे वळले. ओझेलाने झाडू भिंतीला लावला. तो घसरून पडला, तो तिने उचलला आणि पुन्हा लावला.

"पोरी," ती म्हणाली, "दिवसाला वीस डोकी या हाताखालून जातात. तू त्या दिवशी केस धुऊन बसली होतीस. ओले केस दिसले, मी ड्रायर लावला. गार म्हणालीस ते मला ऐकूच आलं नसणार. बाकीचे दोन चालू असतील."

हे वाक्य ओझेलाने बारा वर्षांत मनातल्या मनात इतकं घोटलं होतं की ते तोंडातून अगदी सरळ बाहेर पडलं.

केझायाने खाली पाहिलं. तिचे केस त्या दिवशी ओले नव्हते. दोनच दिवसांपूर्वी याच मावशीने सहा तास बसवून तिला डोकंभर बारीक वेण्या घातल्या होत्या. मावशीने तिच्याकडे पाहिलं होतं, चांगलं पाहिलं होतं, मग टोप खाली ओढून बटण पार शेवटापर्यंत फिरवलं होतं आणि मांडीवर मासिक ठेवलं होतं. चाळीस मिनिटं. कानाच्या पाळ्या भाजल्या, तरी ती उठली नाही, कारण उठून जायचं कुठे? हे आत्ता बोलता आलं असतं. पण आईचा चेहरा बघून तिने बॅगेचा पट्टा तेवढा आवळला. चोरी दुसऱ्याने केली आणि मान हिने खाली घातली, हे बारा वर्षांचं तिच्या अंगात मुरलं होतं. तिला तिची स्वतःचीच चीड आली.

"बघ," व्हर्निता सुटका झाल्यासारखी म्हणाली. "ऐकूच नाही आलं तिला. ताईला ऐकू आलं असतं तर ती काय गप्प बसली असती?"

"मावशी, थांब," शार्मेन म्हणाली.

शार्मेन मंडळाची चिटणीस. जगातल्या सगळ्या चिटणिसांसारखीच काहीही फेकून न देणारी. काल रात्री केझायाचा फोन ठेवल्यावर तिने कपाटातून बुटांचं खोकं काढलं होतं. व्हॅन कोणाला कुठे, कोणत्या क्रमाने सोडणार, त्याची दर महिन्याची कार्डं त्यात होती. तिने पर्समधून दोन कार्डं काढली आणि व्हर्निताच्या मांडीवर, केकाच्या कागदावरच ठेवली. ठेवताना तिने केझायाकडे पाहिलं नाही. केझाया अटलांटाला गेल्यावर "तिकडे गेली आणि मोठी साहेबीण झाली" हे सगळ्यांत जास्त वेळा म्हणणारी शार्मेनच होती.

"हे मार्चचं कार्ड. शेवटचं नाव कोणाचं?"

"केझाया."

"हे एप्रिलचं."

व्हर्निताने चष्मा वर केला. "यात केझाया पहिली आहे."

"अक्षर कोणाचं?"

अक्षर ओळखायला चष्म्याची गरज नव्हती. तेच अक्षर जांभळ्या रंगात भिंतीवर होतं.

व्हर्निताने ती दोन कार्डं शेजारीशेजारी धरली. मग फार हळू म्हणाली, "ताई, तुला ऐकू आलं होतं."

ओझेलाने झाडू पुन्हा हातात घेतला.

"तू हिला शेवटच्या नंबरावरून पहिल्यावर आणलंस. मला न सांगता. त्याला न विचारता. आणि झालं, मिटलं?" व्हर्निता खुर्चीतून उठली, तिचा आवाज चढत गेला. "हिच्या बापाच्या मयताला ही सकाळी आली आणि संध्याकाळच्या विमानाने गेली. थर्मन दारात उभा राहून सगळ्यांना पाणी देत होता, म्हणून गेली! आणि मी? मी चर्चभर सांगत सुटले, माझी पोरगी परगावी जाऊन दगड झाली. तू शेजारच्या बाकावर होतीस, ताई. तू माझा हात थोपटलास! 'जाऊ दे व्हर्निता, पोरं अशीच असतात,' म्हणालीस!"

"आई, बस," केझाया म्हणाली.

"मी नाही बसणार! आणि तू माझ्याकडे असं बघू नकोस. मला लाज वाटते तुझ्याकडे बघायची."

शार्मेन एप्रिलच्या कार्डाकडे बोट दाखवत होती. तिला हे सांगायचं नव्हतं, पण आता सगळं निघालंच होतं. "केझायाचं नाव वर गेल्यावर शेवटी कोण आलं, ते वाचलंत का?"

कोणी वाचलं नव्हतं. शेवटचं नाव लॅट्रिस होतं. तेव्हा अकरा वर्षांची. उन्हाळ्यापर्यंत तिने वर्गाला येणं सोडलं, पुढे चर्चही सोडलं, आणि गेली आठ वर्षं समोरच्या दुकानात काउंटरवर असूनही तिने हा रस्ता कधी ओलांडला नव्हता. ओझेला म्हणायची, त्या पोरीला माणसांत मिसळायची आवडच नाही.

*

मागच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलेली नाइला कधी बाहेर आली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. वय तेरा, हातपाय नुसते लांबलचक. ती कोणाकडे न बघता कोपऱ्यात गेली आणि तिसऱ्या ड्रायरखाली बसली.

"आजी."

"काय गं बाळा?"

"विचार ना."

ओझेलाला कळलं. दहा पावलांचं अंतर होतं. खरं सांगायचं तर त्या दहा पावलांत तिला पहिल्यांदा जे वाटलं ते नातीबद्दल नव्हतं, स्वतःबद्दल होतं: ही चिमुरडी मला सगळ्यांदेखत तपासतेय. आणि हे मनात आलं याचीच मग तिला लाज वाटली.

"गरम की गार?"

"गार."

तेव्हा केझायाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. ती पहिल्या ड्रायरपाशी गेली आणि बटण फिरवलं. मग दुसऱ्याचं. दोन्ही रिकामे ड्रायर घरघरायला लागले. ती शार्मेनला म्हणाली, "तूही लांब हो. आधी तिला एकटीला सांगू दे." आणि शार्मेन, जिला पोरीला उचलून घरी पळून जावंसं वाटत होतं, ओठ चावत खिडकीशी जाऊन उभी राहिली.

ओझेलाने टोप खाली ओढला. स्टूल घेतलं, शेजारी बसली. नाइला बोलली. दहाएक मिनिटं. ओझेला मधे एकदाही बोलली नाही. मग तिने नातीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू बरोबर केलंस. तुझी यात काही चूक नाही. आता तुला तिथे परत कोणी पाठवणार नाही." साधी तीन वाक्यं. वीस वर्षं ती सगळ्यांना हीच तीन वाक्यं सांगत आली होती. तिच्या बहिणीच्या मुलीला तेवढी सांगायची राहिली होती.

"फक्त पुढे बसवलं होतं," ओझेला उठून शार्मेनला म्हणाली. "तळ्याकडे वळवायला निघाला होता. हिने दार उघडीन म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा परत फिरला. आपलं गुपित, कोणाला सांगू नकोस म्हणाला. बाकी काही नाही. देवाने वाचवलं."

"देवाने नाही," शार्मेन म्हणाली. "माझ्या पोरीने स्वतःला वाचवलं."

तिने नाइलाला गाडीत घातलं आणि आपल्या नणंदेकडे नेऊन सोडलं. थर्मनला बारा वाजता यायला सांगितलं होतं.

*

थर्मन बाराला पाच मिनिटं असतानाच आला, हातात तळलेल्या माशांची पिशवी घेऊन. गल्लीत शिरल्यापासून तीन जणांनी त्याला हात केला होता. अठ्ठावन्न वर्षांचा, चर्चचा मानकरी डीकन, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारा, फुटक्या नळाला धावून येणारा. तो स्वतःला चांगला माणूस समजायचा आणि तसं समजायला त्याच्यापाशी भरपूर पुरावा होता. ज्या गोष्टी त्या पुराव्यात बसत नव्हत्या त्या त्याने अशा जागी ठेवल्या होत्या की तो स्वतः तिकडे कधी जायचा नाही.

"ताई, कॅटफिश आणलाय, गरम आहे तोवर... अरे! केझाया? केवढी मोठी झालीस!"

तो हसत पुढे झाला. केझाया मागे सरली नाही, पण व्हर्निता मधे येऊन उभी राहिली.

"व्हॅनची किल्ली दे," ओझेला म्हणाली.

"आज? सर्व्हिसिंगला उद्या न्यायचीय, मी नेतो की..."

"किल्ली दे, थर्मन."

त्याने एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. लाज वाटायच्या आधी त्याला राग आला. "कोणी भरवलं तुमच्या डोक्यात? हिने? ही लहानपणापासूनच..."

"तिचं नाव तोंडातून काढलंस तर हा केक तुझ्या डोक्यात घालीन," व्हर्निता म्हणाली. केक तिच्या हातात होता, खरंच. त्या क्षणी ते हास्यास्पद दिसलं आणि कोणालाही हसू आलं नाही.

"ताई, तू तरी बोल! आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तूच मला वाढवलंस. मी कसा आहे ते तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे," ओझेला म्हणाली. "बारा वर्षं ठाऊक आहे."

तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

"आईला शब्द दिला होता, तुला उपाशी ठेवणार नाही, तुरुंगात जाऊ देणार नाही. शेजारच्या घरांतली पोरं एकेक करून गेली, तू राहिलास, याचा मला गर्व होता. आणि मंडळ नुकतं कुठे उभं राहत होतं. म्हटलं, व्हॅनवाल्याचंच नाव निघालं तर कोणती आई पोरीला पाठवील? लोक म्हणतील, बघा, यांचं यांनाच निस्तरत नाही. म्हणून मी कार्डावरचं एक नाव वर घेतलं. मला वाटलं, मी मंडळ वाचवलं." तिने श्वास घेतला. "मी तुला वाचवलं. आणि एक पोर काढून दुसरी तुझ्या पुढे ठेवली."

थर्मनने खिशातून किल्ली काढली आणि काउंटरवर टाकली. "घे. मग आता? मला त्या स्टुलावर बसवणार? बायकांपुढे? ते स्टूल मी बनवलंय, ताई. या हातांनी."

"म्हणून एक पाय आखूड आहे त्याचा," व्हर्निता म्हणाली.

"पाच वाजता मंडळ बोलावलंय," ओझेला म्हणाली. "येशील तर स्टुलावर बसशील. नाही आलास तरी काम थांबणार नाही. पास्टरना मी आत्ता फोन करणार. व्हॅनमध्ये बसलेल्या प्रत्येक पोरीच्या घरी मी जाणार, स्वतः. पोलिसांकडे जायचं की नाही ते केझाया ठरवेल. ती गेली तर मी तिच्याबरोबर जाईन, साक्षीला."

"माझ्याविरुद्ध?"

"माझ्याविरुद्धसुद्धा."

तो गेला. जाताना गल्लीतल्या कोणीतरी त्याला हात केला आणि सवयीने त्यानेही केला. माशांची पिशवी काउंटरवर राहिली, तिचं तेल हळूहळू कागदाबाहेर आलं.

*

चार वाजता ओझेलाने रस्ता ओलांडला. सदुसष्ट वर्षांच्या बाईला दुपदरी रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो? पण तिला लागला. दुकानात शिरल्यावर लॅट्रिस म्हणाली, "काय देऊ?"

"काही नको. मी एप्रिलच्या कार्डावर तुझं नाव शेवटी लिहिलं होतं."

लॅट्रिसने पटकन गिऱ्हाइकाच्या पिशवीत अंडी ठेवली, गिऱ्हाईक जाऊ दिलं, मग काउंटरला दोन्ही हात टेकले.

"माझ्या आईला वाटतं," ती शेवटी म्हणाली, "मी अभ्यासात ढ होते म्हणून वर्ग सोडला."

"पाच वाजता मंडळ आहे. तू यावंस असं मी म्हणणार नाही. म्हणायचा मला हक्क नाही. एवढंच सांगायला आले की आज आम्ही तुझ्याबद्दल खोटं बोलायचं बंद करतोय."

लॅट्रिसने तिच्याकडे पाहिलंही नाही. "दार ओढून घ्या जाताना. माश्या येतात," ती म्हणाली.

*

पाचला बायका आल्या. अकरा जणी, कोणी कामावरून तशीच, कोणी पोर कडेवर घेऊन. त्यांना वाटत होतं मिरवणुकीचं बोलायचंय. एकीने टोप्या आणल्या होत्या. खुर्च्या नेहमीसारख्या गोल लागल्या आणि मधे ते स्टूल. रिकामं.

"आज कोण बसणार आहे?" एकीने विचारलं. "थर्मन कुठे आहे, दाराशी नेहमी तोच असतो."

ओझेला उठली, चार पावलं चालली आणि स्टुलावर बसली. आखूड पाय डुगडुगला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणी म्हणालं, "ओझेला, काय चेष्टा आहे ही?" ओझेलाने भिंतीकडे बोट केलं. जिच्यावर बेतलं तिने आधी बोलायचं. ती बोलेपर्यंत बाकी कोणी तोंड उघडायचं नाही.

मग ती थांबली. तो नियम लिहिताना तिला कल्पना नव्हती की स्टुलावरून तो इतका लांबलचक असतो. समोर व्हर्निता होती, बहिणीकडे न बघता मांडीवरचा तोच केक घट्ट धरून. शार्मेन होती, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आणि दोघींच्या मधे केझाया. दोन मिनिटं गेली असतील, पाचही असतील. एका बाईचं पोर कुरकुरलं, तिने त्याला छातीशी धरलं. तेवढ्यात दार उघडलं आणि दुकानाचा एप्रन तसाच अंगावर असलेली लॅट्रिस आत आली. कोणी जागा दिली तरी बसली नाही. दाराला टेकून उभी राहिली, सकाळी जिथे केझाया उभी होती तिथे.

केझायाने तिच्याकडे पाहिलं. मग मावशीकडे. या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"त्या दिवशी तिसऱ्याखाली माझे केस कोरडे होते, मावशी."

सगळ्या बायकांना त्याचा अर्थ लगेच कळला. या पार्लरात तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही. टोप्या आणलेल्या बाईने त्या खाली ठेवल्या. ओझेलाने आपले हात बघितले, ज्यांनी त्या वेण्या घातल्या होत्या आणि ज्यांनी ते बटण फिरवलं होतं.

"हो," ती म्हणाली. "दोन दिवसांपूर्वी मीच घातल्या होत्या त्या वेण्या. मला माहीत होतं."